चार कोटी अंकांची मूळ संख्या: तिला भाग जात नाही, हे कळलं कसं?

ऑक्टोबर २०२४ मध्ये जगातली सर्वांत मोठी मूळ संख्या सापडल्याची बातमी आली. इंदूरला आमच्या रामबागेतल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात ती फिरली, तेव्हा खाली लगेच प्रश्नांची रांग लागली. संख्या ‘सापडते’ म्हणजे काय? एवढ्या मोठ्या संख्येचं करायचं काय? बँकेचे पासवर्ड आता फुटणार का? सगळेच प्रश्न रास्त आहेत आणि त्यांची उत्तरं पुढे येतीलच. पण मला सर्वांत आवडला तो नववीतल्या एका मुलीचा प्रश्न: चार कोटी अंकांच्या संख्येला कशानेच भाग जात नाही, हे तपासलं कुणी आणि कसं?

या प्रश्नाच्या पोटात गणितातली एक फार सुंदर गोष्ट आहे. एखादी संख्या फुटते की नाही हे ओळखणं आणि ती नेमकी कशी फुटते हे शोधणं, ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं बरंच सोपं आहे, दुसरं महाकठीण. ही विक्रमी संख्या पहिल्याच्या सोपेपणावर उभी आहे आणि तुमच्या फोनमधली बँक दुसऱ्याच्या कठीणपणावर.

## आधी संख्या नीट बघू

१३ कोटी ६२ लाख ७९ हजार ८४१ वेळा २ हा अंक मांडा, सगळ्यांचा गुणाकार करा आणि त्यातून १ वजा करा. झाली आपली संख्या. थोडक्यात लिहायची तर ‘२ चा १३६२७९८४१ वा घात, वजा १’. यातल्या १३६२७९८४१ ला घातांक म्हणतात.

ही संख्या नेहमीसारखी लिहून काढली तर ४ कोटी १० लाख २४ हजार ३२० अंक होतात. एक अंक दोन मिलिमीटर रुंद धरला, तर ओळ होईल सुमारे ८२ किलोमीटर लांब. इंदूरहून लिहायला सुरुवात केली तर उज्जैन गाठून परतीची निम्मी वाट संपेपर्यंत अंक पुरतील. सेकंदाला एक या गतीने, न झोपता वाचत बसलं तर ४७५ दिवस लागतील.

तरी तिचा शेवटचा अंक आपण आत्ता, कागदसुद्धा न घेता सांगू शकतो. २ चे घात २, ४, ८, १६, ३२, ६४ असे वाढतात आणि त्यांचे शेवटचे अंक २, ४, ८, ६ याच क्रमाने फिरत राहतात. आपल्या घातांकाला ४ ने भागलं तर बाकी १ उरते, म्हणजे घाताच्या शेवटी २ येणार. त्यातून १ गेला, उरला १. संख्या अवाढव्य आहे, पण तिची घडण इतकी सरळ आहे की तिच्याविषयी पुष्कळ काही विचारानेच कळतं. पुढची सगळी गोष्ट याच सरळपणामुळे शक्य झाली.

ती शोधली ल्यूक ड्युरंट यांनी. ते कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेचे, पूर्वी एन्व्हिडिया कंपनीत काम करणारे. १९९६ मध्ये जॉर्ज वॉल्टमन यांनी सुरू केलेल्या ‘गिम्प्स’ या उपक्रमात जगभरची हौशी माणसं आपापल्या संगणकावर अशा संख्या तपासत असतात. ड्युरंट यांनी त्याच उपक्रमासाठी १७ देशांतल्या संगणक-केंद्रांमधले ग्राफिक्स प्रोसेसर कामाला लावले. आधीचा विक्रम डिसेंबर २०१८ चा होता, २ कोटी ४८ लाख अंकांचा.

## मूळ संख्या आणि तिचं ‘सापडणं’

जिला १ आणि स्वतः याशिवाय कशानेही निःशेष भाग जात नाही, ती मूळ संख्या. इंदूरच्या हिंदी माध्यमातली मुलं तिलाच अभाज्य संख्या म्हणतात. २, ३, ५, ७, ११, १३ या मूळ आहेत. १२ नाही, कारण ते ३ × ४ असे फुटतात. १ ही मूळ संख्या धरत नाहीत, कारण तसं केलं तर ‘प्रत्येक संख्या मूळ संख्यांच्या गुणाकारात एकाच प्रकारे लिहिता येते’ हा अंकगणिताचा पाया ढासळतो.

मूळ संख्या कधीच संपत नाहीत. हे युक्लिडने सुमारे २३०० वर्षांपूर्वी दाखवलं. तुमच्याजवळच्या सगळ्या मूळ संख्यांचा गुणाकार करा आणि त्यात १ मिळवा. येणाऱ्या संख्येला तुमच्या यादीतल्या कुणीही भागलं तरी बाकी १ च उरते. म्हणजे तिचे अवयव यादीबाहेरचेच असणार. २ × ३ × ५ × ७ × ११ × १३ + १ = ३००३१, आणि हे निघतात ५९ × ५०९. दोन्ही यादीत नव्हते.

म्हणून ‘सर्वांत मोठी मूळ संख्या’ अशी काही चीज नसतेच. बातमीचा खरा अर्थ एवढाच की, जिचं मूळपण सिद्ध झालं आहे अशी ही आजवरची सर्वांत मोठी संख्या. तिच्याखालीही अगणित म्हणाव्यात इतक्या मूळ संख्या कुणी न ओळखलेल्या पडून आहेत.

## भागून का बघत नाहीत?

शाळेतली रीत अशी: ९७ मूळ आहे का बघायचं, तर २, ३, ५, ७ ने भागून बघा. पुढे जायची गरज नाही, कारण ९७ चं वर्गमूळ १० च्याही आत आहे. अवयव असलाच तर त्यातला एक वर्गमूळाच्या आत सापडायलाच हवा.

आता हीच रीत आपल्या संख्येला लावू. तिच्या वर्गमूळातच दोन कोटींहून जास्त अंक आहेत, आणि तिथपर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागायचं. किती भागाकार करायचे, ही संख्या लिहायलाच दोन कोटींच्या आसपास अंक लागतील. तुलनेसाठी सांगतो, दिसणाऱ्या विश्वातल्या एकूण अणूंची संख्या साधारण ८० अंकांत मावते. जगातले सगळे संगणक एकत्र करून विश्वाच्या अंतापर्यंत चालवले तरी हे काम सुरू झालं असं म्हणता येणार नाही. म्हणजे भागून बघण्याचा रस्ता बंद. ही तपासणी भागाकाराने झालेलीच नाही.

## सराफ्यातली कसोटी

इंदूरचा सराफा रात्रीच्या खाण्यापिण्यासाठी गाजलेला आहे, पण दिवसा तिथे सोन्याचांदीचाच व्यवहार चालतो. जुन्या पद्धतीने काम करणारा सराफ दागिना काळ्या दगडावर घासतो, उमटलेल्या रेघेवर आम्ल लावतो आणि सोन्यात भेसळ आहे की नाही ते सांगतो. त्यासाठी दागिना वितळवून तांबं वेगळं काढून दाखवावं लागत नाही. संख्यांनाही अशी कसोटी लावता येते.

ती पिएर द फर्मात या फ्रेंच गणितीने १६४० मध्ये सांगितली. कोणतीही मूळ संख्या घ्या. २ चा तितकावा घात काढा आणि त्यातून २ वजा करा. जे उरेल त्याला त्या मूळ संख्येने निःशेष भाग जातो. ७ घेऊ: २ चा ७ वा घात १२८, वजा २ म्हणजे १२६, आणि १२६ = ७ × १८. आता ९ घेऊ: २ चा ९ वा घात ५१२, वजा २ म्हणजे ५१०. ५१० ला ९ ने भागलं तर बाकी ६ उरते. कसोटी फसली, तेव्हा ९ मूळ नाही.

इथे काय घडलं ते बघा. ९ फुटते हे आपण सिद्ध केलं, पण ३ चं नावही घेतलं नाही. मला शाळेत ही गोष्ट कुणी दाखवली असती तर फार बरं झालं असतं. अवयव हातात न येता ‘अवयव आहेत’ हे शंभर टक्के कळतं.

याचं गाजलेलं उदाहरण म्हणजे ‘२ चा ६७ वा घात, वजा १’. फ्रेंच धर्मगुरू मारां मेर्सेन याने १६४४ मध्ये ही संख्या मूळ असल्याचं लिहून ठेवलं होतं. एदुआर ल्यूका या फ्रेंच गणितीने १८७६ मध्ये दाखवलं की ती मूळ नाही, पण तिचा एकही अवयव त्याला माहीत नव्हता. अवयव मिळायला १९०३ साल उजाडलं. अमेरिकन गणिती फ्रँक नेल्सन कोल सभेत फळ्याजवळ गेले, एका बाजूला १४७५७३९५२५८९६७६४१२९२७ ही संख्या काढली, दुसऱ्या बाजूला १९३७०७७२१ × ७६१८३८२५७२८७ हा गुणाकार हाताने करून दाखवला आणि एक शब्दही न बोलता जागेवर जाऊन बसले, असं सांगतात. हे अवयव शोधायला त्यांचे तीन वर्षांचे रविवार गेले होते, असंही म्हणतात. ओळखणं आणि फोडणं यांत २७ वर्षांचं अंतर पडलं, तेही फक्त २१ अंकी संख्येसाठी.

फर्मातच्या कसोटीत एक उणीव आहे. तीत नापास झालेली संख्या नक्की मूळ नसते, पण पास झालेली मूळ असेलच असं नाही. ३४१ ही ११ × ३१ आहे, तरी वरच्या कसोटीत बिनदिक्कत पास होते. म्हणून अशा पास झालेल्या संख्येला आधी ‘संभाव्य मूळ’ एवढंच म्हणतात. पक्क्या निकालासाठी आणखी कडक कसोटी हवी.

## ‘२ चा घात वजा १’ हाच साचा का?

कारण या साच्याच्या संख्यांसाठी तशी कडक कसोटी उपलब्ध आहे. यांना मेर्सेन संख्या म्हणतात. घातांक स्वतः मूळ नसेल तर ही संख्याही मूळ नसते. घातांक मूळ असला तरी खात्री नाही: २ चा ११ वा घात वजा १ म्हणजे २०४७, आणि ते निघतात २३ × ८९.

ल्यूकाने शोधलेली आणि पुढे डेरिक लेहमर यांनी १९३० च्या सुमारास नीटनेटकी केलेली कसोटी इतकी सोपी आहे की ती हाताने करता येते. ४ पासून सुरुवात करा. वर्ग करा, त्यातून २ वजा करा, मेर्सेन संख्येने भागून बाकी ठेवा. हेच पुन्हा करत राहा. एकूण पायऱ्या घातांकापेक्षा दोनने कमी. शेवटी बाकी ० आली तर संख्या मूळ, नाहीतर नाही. यात ‘संभाव्य’ हा शब्दच नाही.

३१ वर करून बघू. ३१ म्हणजे २ चा ५ वा घात वजा १, तेव्हा पायऱ्या तीन. ४ चा वर्ग १६, वजा २, झाले १४. १४ चा वर्ग १९६, वजा २, झाले १९४, आणि ३१ ने भागून बाकी ८. ८ चा वर्ग ६४, वजा २, झाले ६२, आणि ३१ ने भागून बाकी ०. म्हणजे ३१ मूळ. २०४७ वर हेच केलं तर नवव्या पायरीला १७३६ बाकी उरते, म्हणजे ती मूळ नाही. घरी मुलांकडून करून घ्यायचं असेल तर ८१९१ द्या. तो २ चा १३ वा घात वजा १ आहे. अकरा पायऱ्या लागतात, साधा कॅल्क्युलेटर पुरतो, दहाव्या पायरीला बाकी १२८ यायला हवी आणि अकराव्याला ०.

विक्रमी संख्येसाठी याच पायऱ्या १३ कोटी ६२ लाख ७९ हजार ८३९. प्रत्येक पायरीवर चार कोटी अंकांच्या आसपासच्या संख्येचा वर्ग. काम प्रचंड आहे, पण संपणारं आहे. मेर्सेन संख्येने भागणंही इथे स्वस्त पडतं: संगणकाच्या ० आणि १ च्या भाषेत या संख्येत फक्त १ च १ असतात, त्यामुळे भागाकाराऐवजी मोठ्या संख्येचे दोन तुकडे करून त्यांची बेरीज केली की बाकी हाती येते.

## मध्येच यंत्र चुकलं तर?

शंका योग्य आहे. कोट्यवधी पायऱ्यांत एक अंक जरी हुकला तरी पुढचं सगळं वाया. यासाठी दोन गोष्टी करतात. पहिली कसोटी फर्मातच्या धर्तीवरची असते, २ ऐवजी ३ चा घात घेऊन, कारण २ घेतला तर प्रत्येक मूळ घातांकाची मेर्सेन संख्या तीत पास होते. या कसोटीत हिशेब चालू असतानाच मधूनमधून चूक पकडणारी रॉबर्ट गर्बिच यांची युक्ती वापरता येते. ११ ऑक्टोबर २०२४ रोजी डब्लिनमधल्या एका ग्राफिक्स प्रोसेसरने आपली संख्या ‘संभाव्य मूळ’ ठरवली. दुसऱ्या दिवशी टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोतल्या प्रोसेसरने ल्यूका-लेहमर कसोटीने ती पक्की केली. त्यानंतरही वेगवेगळ्या यंत्रांवर, वेगवेगळ्या प्रोग्रॅमने पुन्हा तपासून २१ ऑक्टोबरला घोषणा झाली. कुणाला संशय असेल तर तो स्वतः तपासू शकतो, गुपित काहीच नाही.

## मग माझी बँक सुरक्षित आहे का?

या संख्येमुळे कुणाचंही खातं धोक्यात आलेलं नाही. ती जगजाहीर आहे, म्हणून बँकेचे निरोप गुप्त ठेवणाऱ्या गणिती कुलपासाठी निरुपयोगी आहे. कुलपाला लागतात त्या कुणालाही माहीत नसलेल्या मूळ संख्या, आणि त्या बऱ्याच छोट्या असतात.

१९७७ मध्ये रिव्हेस्ट, शमीर आणि अ‍ॅडलमन यांनी मांडलेली आरएसए पद्धत बघा. सध्याच्या सर्वसाधारण वापरात साधारण ३०९ अंकी दोन मूळ संख्या गुपचूप निवडतात, त्यांचा गुणाकार करतात आणि ती सुमारे ६१७ अंकी संख्या सगळ्या जगाला देतात. तिच्या आधारे कुणीही निरोप कुलूपबंद करू शकतो. कुलूप उघडायला मात्र ते दोन अवयव लागतात.

आता ओळखणं आणि फोडणं यांतलं अंतर पुन्हा आठवा. ३०९ अंकी मूळ संख्या मिळवणं सोपं आहे. त्या आकाराच्या संख्यांत साधारण दर ७१० मागे एक मूळ असते. सम संख्या आधीच गाळल्या तर ३५५ मागे एक. यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठी काढावी तशा, विषम संख्या घ्यायच्या आणि कसोटी लावत जायचं, डोळ्याचं पातं लवण्याइतक्या वेळात काम होतं. कोणत्याही साच्याच्या संख्येसाठी पक्की आणि वाजवी वेळात होणारी कसोटी अस्तित्वात आहे, हे सिद्ध केलं ते आयआयटी कानपूरच्या मणिंद्र अगरवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी, ऑगस्ट २००२ मध्ये. जगभरच्या गणितींनी त्याचं कौतुक केलं आणि आपल्याकडे ते अजून घराघरात पोचायला हवं होतं, असं मला मनापासून वाटतं.

पण गुणाकार फोडणं? २०२० मध्ये २५० अंकी आरएसए संख्या फोडली गेली. त्यासाठी एका प्रोसेसर-गाभ्यावर सुमारे २७०० वर्षं चालेल इतकं काम अनेक यंत्रांत वाटून करावं लागलं. ६१७ अंकी संख्या त्याहून कैक पटींनी कठीण. फोडण्याची झटपट रीत नाहीच, असं कुणी सिद्ध केलेलं नाही. इतक्या वर्षांत ती कुणाला सापडलेली नाही, एवढ्याच भरवशावर हे कुलूप टिकून आहे.

क्वांटम संगणकाचा आक्षेपही खरा आहे. पीटर शोर यांनी १९९४ मध्ये दाखवलं की पुरेसा मोठा क्वांटम संगणक झाला तर फोडणंही सोपं होईल. तयारी म्हणून अमेरिकेच्या मानक संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये अवयवांवर न विसंबणाऱ्या नव्या कुलपांची मानकं जाहीर केली.

## उपयोग काय, हा प्रश्न उरतोच

उरतो, आणि त्याला सरळ उत्तर द्यायला हवं: या नव्या संख्येचा आज व्यवहारात काही उपयोग नाही. जुन्या मेर्सेन संख्यांचा इतिहास मात्र बघण्यासारखा आहे.

आपलं होळकर महाविद्यालय १८९१ मध्ये सुरू झालं, तेव्हा जगातली सर्वांत मोठी ज्ञात मूळ संख्या ३९ अंकी होती: ल्यूकाची ‘२ चा १२७ वा घात, वजा १’. हा विक्रम १९५१ पर्यंत टिकला. मग संगणक आले. ३० जानेवारी १९५२ रोजी राफेल रॉबिन्सन यांच्या प्रोग्रॅमने लॉस एंजेलिसच्या संगणकावर ‘२ चा ५२१ वा घात, वजा १’ मूळ असल्याचं दाखवलं. तेव्हा ती १५७ अंकी संख्या म्हणजे निव्वळ कुतूहल होतं. आज इंटरनेटच्या सुरक्षेसाठी ठरवलेल्या एका प्रमाणित वक्राचा (कुलूप बनवायला वापरल्या जाणाऱ्या एका गणिती समीकरणाचा) सगळा हिशेब याच संख्येवर चालतो. तिच्या साच्यामुळे भागाकार स्वस्त पडतो, म्हणून. १९७१ मध्ये सापडलेली, १९९३७ घातांकाची मेर्सेन संख्या आज पायथॉनसारख्या प्रोग्रॅमिंग भाषेत यादृच्छिक आकडे तयार करायला वापरली जाते.

मूळ संख्यांच्या हिशेबांनी यंत्रांच्या चुकाही पकडल्या आहेत. १९९४ मध्ये थॉमस नाइसली हे प्राध्यापक जुळ्या मूळ संख्यांवर (११ आणि १३ सारख्या, दोनच्या फरकाने येणाऱ्या) काम करत होते. त्यांचे आकडे जुळेनात. कारण शोधत गेले तेव्हा दोष इंटेलच्या पेंटियम चिपच्या भागाकारात निघाला. त्या प्रकरणात कंपनीला ४७ कोटी ५० लाख डॉलरचा भार सोसावा लागला.

आणि शुद्ध गणितातली एक भेट आहेच. ६ चे स्वतःखेरीज भाजक १, २, ३, आणि त्यांची बेरीज पुन्हा ६. २८ चंही तसंच. अशा संख्यांना परिपूर्ण म्हणतात, आणि प्रत्येक मेर्सेन मूळ संख्येतून एक परिपूर्ण संख्या मिळते, हे युक्लिडला ठाऊक होतं. त्यामुळे ऑक्टोबर २०२४ मध्ये ८ कोटी २० लाख अंकांची एक नवी परिपूर्ण संख्याही आपोआप हाती आली. विषम परिपूर्ण संख्या असते का, हे मात्र आजही कुणाला सिद्ध करता आलेलं नाही.

## पुढे काय?

ही ५२ वी ज्ञात मेर्सेन मूळ संख्या आहे. ‘ज्ञात’ म्हणायचं, कारण वाटेत एखादी निसटली असू शकते. त्यासाठी लहान घातांकांची दुहेरी तपासणी चालूच असते. अशा संख्या अनंत आहेत का, हा प्रश्न खुला आहे.

ड्युरंट यांना गिम्प्सकडून ३००० डॉलरचं बक्षीस जाहीर झालं. ते आपल्या जुन्या शाळेला, अलाबामातल्या गणित-विज्ञान शाळेला देण्याचं त्यांनी ठरवलं. दहा कोटी अंकांची पहिली मूळ संख्या शोधणाऱ्यासाठी इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनने दीड लाख डॉलर ठेवले आहेत. ती मेर्सेन साच्याची असेल तर घातांक निदान ३३ कोटी २१ लाखांच्या पुढचा हवा, म्हणजे आताच्या जवळजवळ अडीच पट. गिम्प्सचा प्रोग्रॅम फुकट मिळतो आणि घरातल्या संगणकावरही चालतो.